वनस्पतीची सीमा कोण आखते?
गगनबावडा ते शिरोळ या पट्ट्याच्या निमित्ताने द्रव्याच्या देशाचा विचार

प्रास्ताविक

द्रव्याचा विचार करताना आपण वैद्य रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव या क्रमाने जातो. द्रव्य जन्मले कोठे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. त्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस एका पोत्याने शिकविले.

काही वर्षांपूर्वी रक्तप्रदराच्या एका रुग्णेस आम्ही अशोकसालीचा क्षीरपाक दिला होता. निदानाविषयी शंका नव्हती, पथ्यही नीट पाळले जात होते. तरीही दोन महिन्यांत अपेक्षित उपशय दिसला नाही. मात्रा वाढवून पाहिली, अनुपान बदलून पाहिले. अखेरीस साल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यास माल कोठला म्हणून विचारले. उत्तर आले, "जत-आटपाडीकडचा आहे, अगदी ताजा." ताजा हा शब्द ऐकून क्षणभर बरे वाटले आणि लगेच मनात आले, जतच्या माळावर अशोक कोठून आला? अशोक हा ओढ्याकाठच्या दाट सावलीत वाढणारा वृक्ष. त्या अवर्षणग्रस्त भागात एखाद्या बागेत लावलेला अशोक असू शकेल; पोतेभर साल निघावी इतके अशोक तेथे असणे संभवत नाही. द्रव्यगुण विषयाच्या एका स्नेह्यांकडे नमुना नेला, खात्रीच्या सालीशी ताडून पाहिला. आमच्या पोत्यातील साल खोट्या अशोकाची, म्हणजे रस्त्याच्या कडेने सरळ उंच वाढविल्या जाणाऱ्या आसुपालवाची निघाली.

चूक व्यापाऱ्याची होती, तशी आमचीही होती. जो प्रश्न पोते उतरवून घेण्यापूर्वी विचारावयाचा, तो आम्ही औषध देऊन झाल्यावर विचारला. त्या वेळेपासून एका गोष्टीचा अभ्यास आम्ही सुरू केला. एखादी वनस्पती अमुक ठिकाणापर्यंत येते आणि तेथेच का थांबते? तिची सीमा कोण आखते? प्रस्तुत लेखात त्याविषयी जे समजले ते मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

शास्त्रातील देशविचार

हा विषय आयुर्वेदास नवा नाही. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, मदनकल्पात, जांगल, आनूप व साधारण असे तीन देश वर्णिले आहेत आणि प्रत्येक देशाची ओळख तेथील वृक्षांवरून करून दिली आहे. खदिर, असन, धव, शल्लकी, बदर, तिंदुक यांची वने तो जांगल. तमाल, नारळ, केळी यांची दाटी तो आनूप. दोहोंची लक्षणे मिसळलेला तो साधारण. झाडावरून देश ओळखता येतो, याचाच अर्थ देशावरून झाडाची शक्यताही सांगता येते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात भूमिपरीक्षा सांगताना भूमीचे पांचभौतिक भेद केले व विरेचन द्रव्ये कोणत्या भूमीतून घ्यावीत, वमन द्रव्ये कोणत्या, हेही स्पष्ट केले.

औषधे साधारण किंवा जांगल देशातील घ्यावीत, असे चरकवचन आहे. हा सामान्य नियम होय. जे द्रव्य स्वभावतःच ओलाव्यात जन्मते, ते कोरड्या माळावर शोधणे हे त्या नियमाचे पालन नव्हे, विपर्यास होय.

आपल्याच जिल्ह्यातील प्रयोगशाळा

सीमा पाहण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तेथून साधारण पंचावन्न किलोमीटर पूर्वेस कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास उतरतो, आणि आणखी चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर शिरोळ तालुक्यात पाचशे-सहाशेवर येतो. एस.टी.च्या काही तासांच्या प्रवासात आनूप, साधारण व जांगल असे तिन्ही देश खिडकीतून दिसतात. गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूस अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान; मध्ये हिरडा, बेहडा, किंजळ, ऐन यांचा पट्टा; आणि पूर्वेस बाभूळ, बोर, कडुनिंब. शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांनी सिद्ध केलेला 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' हा ग्रंथ 2002 साली प्रसिद्ध झाला. कोणती वनस्पती कोणत्या भागात मिळते, हे पाहण्यासाठी तो प्रत्येक फार्मसीच्या कपाटात असावा, असे आमचे मत आहे.

पाऊस किती, यापेक्षा कोरडे महिने किती

वरील उतार पाहून सीमा पावसाच्या आकड्याने ठरते असे वाटेल. ते अर्धेच खरे आहे. केरळातील बहुतेक ठिकाणांपेक्षा गगनबावड्याचा पाऊस अधिक आहे. तरीही ज्याच्या निर्यासास दक्षिणेत सर्जरस मानतात तो वटेरिया इंडिका हा वृक्ष कर्नाटकाच्या घाटापर्यंत येतो आणि आपल्या रानात नैसर्गिकरीत्या उगवत नाही. याचे कारण पावसाच्या वाटणीत आहे. मान्सून केरळात 1 जूनच्या सुमारास पोहोचतो आणि तेथे परतीचा पाऊसही नोव्हेंबरपर्यंत लांबतो. आपल्याकडे तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो व ऑक्टोबरात निरोप घेतो. त्यामुळे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकास दोन-तीनच कोरडे महिने असतात, तर आपल्या अक्षांशावर ते सहा किंवा अधिक होतात. चार महिन्यांत कोसळलेले पाणी मे महिन्यातील रोपास वाचवू शकत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. वृक्षाची सीमा आणि त्याच्या रोपाची सीमा एक नसते. आमच्या दवाखान्याच्या अंगणात आम्ही लावलेला अशोक आहे. उन्हाळ्यात पाणी दिल्याने तो उत्तम फुलतो, शेंगाही धरतो. पावसाळ्यात खाली रोपे उगवतात. परंतु जेथे पाणी पोहोचत नाही तेथील रोपे मार्चपर्यंत वाळून जातात. अशोकाचे बीज जड व ओलसर असते. वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. कडुनिंब-बाभळीच्या रानात अशोक दिसत नाही तो मोठ्या झाडास तेथे जगता येत नाही म्हणून नव्हे. त्याच्या पुढच्या पिढीस तेथे पाय रोवता येत नाहीत म्हणून.

कोरड्या सीमेकडे येताना वनस्पती आपली जागाही बदलते. दक्षिणेच्या ओल्या रानात जी डोंगरउतारावर सर्वत्र असते, ती उत्तरेकडे व पूर्वेकडे केवळ ओढ्याकाठी, घळीत, सावलीच्या बाजूस उरते. म्हणून सीमा ही नकाशावरील सलग रेघ नसून तुटक ठिपक्यांची माळ असते, आणि प्रत्येक ठिपका एखाद्या ओढ्याच्या भरवशावर उभा असतो.

उंची व शैत्य

उंची वाढली की तापमान घटते. सर्वसाधारणपणे हजार मीटरांस सुमारे सहा अंश सेल्सिअस. चरकांनी औषधींच्या भूमींत हिमालयास श्रेष्ठ म्हटले, त्यामागे ही विविध शैत्याची उतरंड आहे. कुटकी हिमालयात साधारण तीन हजार मीटरांच्या वर होते. सह्याद्रीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटर, तर दक्षिणेकडील आनैमुडी 2695 मीटर. तेव्हा कुटकी, अतिविष, जटामांसी ही द्रव्ये सह्याद्रीतील म्हणून कोणी देऊ करील, तर पुढे बोलण्याची गरज नाही.

भूमी

एकाच पावसाखाली भूमी बदलली की वनस्पती बदलते. मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात पाणी साचते आणि दिवाळीनंतर तोच कातळ तापतो. तेथे मोठा वृक्ष रुजत नाही. कंदातून दरवर्षी उगवणाऱ्या व लवकर आटोपणाऱ्या लहान वनस्पतींचेच ते घर. उलट शिरोळ तालुक्यात पाऊस कमी असूनही पाणी पुष्कळ आहे. नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेचा संगम, उसाचा बागायती पट्टा, आणि 2005, 2019 व 2021 सारखे महापूर. तेथील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत निचऱ्याची आवड असलेली जांगल द्रव्येही नीट होत नाहीत. पर्जन्यमानाच्या तक्त्यावर जांगल ठरणारी भूमी प्रत्यक्षात तशी असेलच असे नाही. पाय लावून पाहिल्याशिवाय देश कळत नाही.

सोबती व प्रतिस्पर्धी

आतापर्यंत आपण निर्जीव कारणे पाहिली. डार्विनने 1859 सालच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक विचार मांडला आहे. जेथे हवामान कठोर होत जाते त्या बाजूस वनस्पतीस हवामान अडविते. जेथे ते सौम्य होत जाते त्या बाजूस तिला इतर जीव अडवितात. म्हणजे एकाच वनस्पतीच्या दोन सीमांस दोन निराळे पहारेकरी असतात.

गुग्गुळाचे उदाहरण घ्यावे. राजस्थान, कच्छ-सौराष्ट्र व पलीकडे सिंध ही त्याची भूमी. अधिक कोरड्या वाळवंटाच्या बाजूस त्यास पाणी अडविते. परंतु ओलाव्याच्या बाजूस पाणी मिळाल्याने त्याचे नुकसान होते, असे सरळ म्हणता येणार नाही. निचरा असलेल्या जागी तो लावला तर जगतो. मात्र ओल्या भूमीत भराभर वाढणारी झाडे त्याच्या वर सावली धरतात आणि हे संथ वाढणारे, काटेरी झुडूप मागे पडते. हचिन्सन या शास्त्रज्ञाने 1957 साली हा भेद नेमका मांडला. एखादा जीव जेथे जगू शकतो ते क्षेत्र मोठे. इतरांच्या गर्दीत तो जेथे प्रत्यक्ष जगतो ते लहान. वनौषधी उद्यानात एखादे झाड वाढते म्हणून ते त्या रानात मिळेल, असा निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्या बाजूस काही सीमा सोबत्यांमुळे टिकतात. रसाळ फळांचे बीज दूर नेणारे धनेश, कबुतरे, उदमांजरे नाहीशी झाली की वृक्ष उभा राहतो, पण पुढे सरकत नाही. कोकणातील देवरायांत जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटे करतो, आणि तोच पक्षी रानातील अनेक फळझाडे पेरतो. वृक्ष पक्ष्यास घर देतो, पक्षी रानास पिढी देतो.

पोहोच व इतिहास

अनुकूल भूमी असूनही वनस्पती तेथे नसते, कारण ती तेथे कधी पोहोचलीच नाही. किंवा पूर्वी होती आणि मधला दुवा तुटला. हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉन निलगिरीच्या माथ्यावर आढळतो, मधल्या विस्तीर्ण प्रदेशात मात्र नाही. असे तुटक विस्तार प्राण्यांतही दिसतात. सुंदरलाल होरा यांनी 1949 साली त्यांच्या स्पष्टीकरणार्थ सातपुड्याच्या रांगेवरून पूर्वी संचार झाला असावा, असा सिद्धान्त मांडला. त्यावर पुढे मतभेद झाले. तथापि आजची सीमा ही केवळ आजच्या हवामानाची निर्मिती नसून जुन्या हवामानाची आठवणही असते, हा त्यातील मुद्दा टिकून आहे.

सीमेवरची झाडे जुळवून का घेत नाहीत?

चिकित्सक वाचक येथे विचारतील की, सीमेवरील झाडांनी पिढ्यान् पिढ्या थोडे थोडे सात्म्य करून घेत पुढे का सरकू नये? ओकसात्म्य आपल्या शास्त्रास मान्यच आहे. याचे एक उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1956 साली सुचविले. हे थोर जीवशास्त्रज्ञ 1957 साली भारतात आले व येथेच राहिले. 1964 साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा विचार असा. विस्ताराच्या मध्यभागी झाडे पुष्कळ, सीमेवर विरळ. परागाच्या व बियांच्या द्वारे मध्यभागाचे गुण सतत सीमेकडे वाहत येतात. सीमेवरील थोड्या झाडांत कोरडेपणा सोसण्याचा जो गुण रुजू पाहतो, तो या लोंढ्यात विरघळून जातो. हे कारण सर्वत्र सारखे लागू पडते असे नाही. परंतु सीमेवरील झाडे संख्येने थोडी असली तरी त्यांच्या अंगी निराळे बळ असू शकते, हे त्यातून कळते. अशी झाडे तोडणे म्हणजे जंगलाची सर्वांत दुर्मिळ शिकवण पुसून टाकणे होय.

माणसाने आखलेली सीमा

पाणी, शैत्य, भूमी, सोबती, इतिहास यांच्या जोडीस आज एक सहावे कारण आहे, आणि ते आपल्या व्यवसायास अत्यंत जवळचे आहे. नरक्या हा आपल्या घाटातील दुर्गंधी लहान वृक्ष. 1966 साली वॉल व वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले, आणि 1972 साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखविले. त्यानंतर मागणी वाढली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सह्याद्रीतील नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. पाऊस तोच, भूमी तीच, पण ठिपके कमी झाले. अशोकाचीही तीच कथा: साल काढताना खोड सभोवार सोलले की वृक्ष मरतो. गुग्गुळाचा चीक काढताना अघोरी छेद घेतला की झुडूप वाळते.

या कारणाचे वैशिष्ट्य असे की ते आपल्या खरेदीच्या बिलातून काम करते. खऱ्या द्रव्याची सीमा आकसली की बाजारातील पुरवठा थांबत नाही. त्या नावाखाली दुसरे द्रव्य येते. आमच्या पोत्याचे हेच झाले होते.

प्रतिनिधी द्रव्यांचा प्रश्न

सीमांमुळे उत्पन्न झालेली अडचण आपल्या आचार्यांनी ओळखली होती. भावप्रकाशात एका द्रव्याच्या अभावी दुसरे कोणते घ्यावे, हे सांगितले आहे. परंतु शास्त्राने दिलेला प्रतिनिधी निराळा आणि प्रांताने रूढ केलेले नाव निराळे. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, केरळात कुलंजनाच्या वर्गातील अल्पिनिया गलंगा, तर बंगालात वांडा हे झाडावर वाढणारे आमर वापरात आहे. शंखपुष्पीचेही तसेच: उत्तरेत कॉन्व्होल्व्ह्युलस, केरळात गोकर्ण. प्रत्येक प्रांतातील वैद्याने आपल्या सीमेत जे मिळाले त्यास ते नाव दिले असावे. त्यांच्या गावात ते चालून गेले. आज एका प्रांताचा पाठ व दुसऱ्या प्रांताचा माल एकाच कढईत येतात, तेव्हा घोटाळा होतो.

गुळवेलीसारख्या विस्तृत सीमेच्या द्रव्यातही सावधपणा हवा. कोरड्या माळापासून घाटापर्यंत ती सर्वत्र वाढते, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु 2022 साली आयुष मंत्रालयास टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वनस्पतीशी गल्लत न करण्याविषयी निवेदन काढावे लागले. जिची सीमा मोठी, तिच्या सीमेत तिचे भाऊबंदही अधिक.

सरकणाऱ्या सीमा

तापमान एक अंशाने वाढले, तर तेच शैत्य मिळविण्यासाठी वनस्पतीस सुमारे दीडशे मीटर वर जावे लागते. हिमालयात वर जावयास जागा आहे, जरी ती चढत जाताना अरुंद होते. आपल्या जिल्ह्यातील सह्याद्रीचा माथा हजार मीटरांच्या आसपासच संपतो; त्यावर आकाश आहे. येथील सदाहरित रानाची झाडे आधीच माथ्यावर आणि घळीत आहेत. पाऊस अनियमित होऊन ओढे लवकर आटू लागले, तर ठिपक्यांच्या माळेतील मणी एकेक करून गळतील. राधानगरी अभयारण्याचा 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समावेश झाला, ही समाधानाची बाब आहे. तथापि अभयारण्याची हद्द स्थिर असते, वनस्पतीची सीमा नसते.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात भगवान आत्रेय गंगातीरी शिष्यासह फिरत असता भूमी विरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करण्यास सांगतात. वायू, उदक, देश व काल हे बिघडले की औषधीही बिघडतात, हा त्यामागील विचार. आजच्या काळात संग्रहाचा अर्थ केवळ कोठारात भरणे असा घेऊन चालणार नाही. बीज राखणे, रोप राखणे, ओढा राखणे हाही संग्रहच होय.

व्यवहारात काय करावे

शेवटी आमच्या अनुभवावरून काही सूचना नम्रपणे मांडतो.

एक : प्रत्येक काष्ठौषधीच्या बिलावर द्रव्याच्या नावापुढे संकलनाचे ठिकाण, महिना, आणि माल रानातील की लागवडीचा, हे लिहून मागावे. पहिल्या वर्षी व्यापारी हसतील. दुसऱ्या वर्षी लिहून देतील.

दोन : ते ठिकाण त्या द्रव्याच्या नैसर्गिक सीमेत बसते का, हे पाहावे. बसत नसेल तर माल लागवडीचा असेल किंवा दुसराच असेल. दोन्ही शक्यता तपासाव्यात. केवळ शंकेवरून कोणास दोष देऊ नये.

तीन : आपल्या नेहमीच्या वीस-पंचवीस द्रव्यांचे खात्रीचे नमुने बरणीत लेबलासह ठेवावेत. अशोकाच्या ताज्या सालीचा छेद हवेत लवकर तांबूस होतो, यांसारख्या साध्या खुणा सहायकांसही शिकवाव्यात.

चार : राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने 2009 साली रानातील संकलनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. साल एका बाजूने व फांदीची घेणे, बीजासाठी काही झाडे अस्पर्श ठेवणे, या बाबी आपण संकलकाकडून आग्रहाने पाळून घ्याव्यात आणि त्याबद्दल दोन पैसे अधिक मोजण्याची तयारी ठेवावी.

पाच : लागवड करावयाची तर देश पाहून करावी. शिरोळच्या सभासदांनी अशोकाच्या मागे न लागता निचऱ्याच्या जमिनीत जांगल द्रव्ये घ्यावीत. राधानगरी-गगनबावड्याच्या सभासदांनी अशोक, वावडिंग, हिरडा यांचा विचार करावा, आणि रोपे शक्यतो जवळच्याच रानातील बीजाची घ्यावीत.

उपसंहार

त्या रुग्णेस पुढे खात्रीची साल मिळवून दिली व तिला हळूहळू उपशय झाला. एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मधले जे दोन महिने तिने सोसले, ते आमच्या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत होती. आता आमच्याकडे अशोकसाल येते ती घाटाखालच्या एका ओळखीच्या बागेतून, वर्षातून एकदा, आणि पुरेल इतकीच. संपली की आम्ही रुग्णांस तसे सांगतो व शास्त्रोक्त पर्याय देतो. पोते मात्र पुन्हा उतरवून घेतलेले नाही.